खात्रीचं वजन

आमच्या घरात चौकशी होते ती एकाच छातीची, आणि ती माझी नव्हे. सकाळी डोळे उघडले की हरी अंथरुणातच मनगटावरचं घड्याळ बघतो आणि म्हणतो, "बावन्न." म्हणजे मिनिटाला बावन्न ठोके. बावन्न आले की दिवस चांगला, चहात साखर कमी पडली तरी बोलत नाही. अठ्ठावन्न आले की घरात सुतक. मग काल वरणात मीठ जास्त होतं का, पंखा का कुरकुरत होता, खिडकी कुणी उघडी टाकली, सगळा जाब मला. नवरा माझा त्रेपन्न वर्षांचा. मानकोलीला एका मोठ्या गोदामात मॅनेजर आहे, आणि पन्नाशीपुढच्यांच्या सायकल शर्यतीत त्याला पहिल्या तिघांत यायचंय. मी सुचेता, शाळेच्या ऑफिसात क्लार्क. मला कुठेच यायचं नाहीये. मला फक्त बसायचंय.

दमले हो मी. गणपतीपासून दमलेय. तेव्हा मोदकांची उकड मळता मळता हात गळून गेले, मी ओट्याला टेकले आणि मनात म्हटलं, वय झालं बाई. त्यानंतर ते काही गेलंच नाही. टेमघरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या जागेत हरीच्या दोन जुन्या सायकली उभ्या असतात. शाळेतून येताना दूध, भाजी, पिशव्या घेऊन जिना चढायचा म्हणजे मला प्रत्येक मजल्यावर थांबावं लागायचं. नुसतं थांबलं तर लोक विचारतात, म्हणून मी पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करायची. किल्ली हातातच असायची.

खाली तळमजल्यावर विनिता राहते. ही जमीन तिच्या सासऱ्यांची, इमारत तिच्या नवऱ्याने बांधलेली. तिचं नाटकबिटक चालत नाही. एकदा पहिल्याच पायरीवर मला अडवून म्हणाली, "ताई, तुमचा तोंड असा पांढरा का पडलाय? बरा न्हाय का?"

"बरं आहे गं. पावडर जास्त लागली असेल."

"पावडर कंदी लावता तुम्ही?" ती म्हणाली. मी हसून वर गेले, म्हणजे वर जायला लागले.

हरीला सांगितलं नाही असं नाही. दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "स्टॅमिना नाही तुझा. सकाळी चालायला जात जा." दुसऱ्यांदा व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या, त्याच्या स्वतःच्या डब्यातल्या. सकाळी चालायला जा म्हणे. साडेपाचला मी याच्यासाठी केळी सोलत असते, पाण्याच्या बाटल्या भरत असते, याच्या घामट कपड्यांची बादली भिजवत असते. चालायला कोण, माझं भूत जाणार? बाकी पाळीचं जे काय चाललं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. या वयात असं होतंच असं आई म्हणायची, म्हणून मीही तेच धरून बसले होते.

आता हरीच्या ठोक्यांचं एवढं कौतुक का, तेही सांगते. मागच्या वर्षी एका शर्यतीत चढावर पुढच्याला गाठायच्या नादात याने इतका जोर लावला की वर पोचल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हा सायकलसकट रस्त्याच्या कडेला आडवा. सोबतच्यांनी पाणी मारून उठवला. डॉक्टरांनी फिरत्या पट्ट्यावर पळवून, तारा लावून सगळं तपासलं आणि सांगितलं, हृदय ठीक आहे, पण दीडशेच्या वर जायचं नाही. यांच्या क्लबचा कोच अनिमेष तरुण पोरगा आहे, धामणकर नाक्याला राहतो, खेळाचं शास्त्र शिकून आलाय. त्याने हरीच्या घड्याळात दीडशेला टिटी लावून दिली. वर गेलं की घड्याळ बोंबलतं, मग हरीने ढिलं पडायचं. शिवाय त्याचा एक नियम. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी शांत बसून मोजलेले ठोके त्याच्याकडे जायला हवेत. नेहमीपेक्षा दहा जरी जास्त दिसले तरी दुसऱ्या दिवशी रायडर उतरणार नाही. अंगात ताप मुरत असला, आराम झाला नसला की ठोके आधी सांगतात म्हणे, माणूस नंतर.

घड्याळ मनगटावरूनही ठोके मोजतं, पण त्याहून नेमका असा छातीला बांधायचा एक पट्टा असतो. आतल्या बाजूला ओला करून बांधायचा, तो ठोके पकडतो आणि घड्याळाला कळवतो. आणि इथे हरीचं गोदामातलं डोकं चाललं. त्यांच्याकडे ट्रक उभा करून तोलायचा काटा आहे. सकाळी पहिला ट्रक यायच्या आधी त्या काट्यावर लोखंडी वजनं ठेवतात, ज्यांचा भार आधीच पक्का माहीत असतो अशी. आकडा वेगळा आला तर काटा बिघडलाय समजायचं. वजन चुकत नाही, काटा चुकतो. हरी म्हणाला, पट्ट्याचंही तसंच करायला हवं. "शर्यतीच्या आदल्या दिवशी माझी छाती उगाच धडधडते. तिच्यावर पट्टा तपासण्यात अर्थ नाही. खात्रीचं वजन पाहिजे." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी पट्टा माझ्या छातीला आणि घड्याळ माझ्या मनगटाला. मी पाच मिनिटं सोफ्यावर बसायची. उन्हाळ्यात चौऱ्याहत्तर आले, पुढच्या वेळी पंचाहत्तर, परत चौऱ्याहत्तर. हरी खूश. "सुचेता म्हणजे चौऱ्याहत्तर. घरचं खात्रीचं वजन," असं त्याने क्लबातल्या लोकांनाही सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. पंचवीस वर्षांत याने माझ्याबद्दल चार लोकांत सांगितलेली ती पहिलीच गोष्ट असेल. आणि आठवड्यातली ती पाच मिनिटं मला बसायला मिळायचं हेही होतंच.

गणपतीनंतर आकडा हलला. ब्याण्णव आले. हरीने पट्ट्याची बॅटरी बदलली. पुढे एकशे चार. त्याने पट्टा साबणाने धुतला, वाळवला, परत एकशे सहा. मग हा पट्टा गेला म्हणून नवा मागवला. नव्याने एकशे दहा दाखवले, तेव्हा तो कंपनीला शिव्या घालत बसला. नंतर म्हणाला, तुझ्या अंगाला पट्टा नीट धरत नाही, तू पातळ झालीयेस. पातळ झालीयेस म्हणाला, पण का झालीयेस ते विचारलं नाही. दर वेळी ते आकडे त्याने मोबाईलमधून पुसून टाकले, कारण ते त्याच्या नावावर चढायचे आणि त्याचा आलेख बिघडायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण खरं सांगू, मीही पट्ट्यालाच नावं ठेवत होते. मला हसू यायचं, बघा, महागाची वस्तू आणि ही तऱ्हा.

डिसेंबरात यांची मोठी शर्यत होती, रविवारी. शनिवारी संध्याकाळी हरी अनिमेषकडून त्याचा स्वतःचा पट्टा मागून घेऊन आला. "हा तरी खोटं बोलणार नाही," म्हणत त्याने तो मला बांधला, घड्याळ चढवलं, मी सोफ्यावर बसले. एकशे अठरा. हरीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात त्याला गोदामातून फोन आला, कुठलातरी कंटेनर अडकला होता, तो बोलत गॅलरीत गेला. जाता जाता मला म्हणाला, "केळी संपलीयेत बघ. आणि दही."

मी पट्टा तसाच ठेवून पदर सारखा केला आणि खाली गेले. केळी आणली, वर आले, वाटेत मनगटावरचं घड्याळ टिटी करून आपणच गप्प झालं. दही विसरलं होतं. परत खाली, परत वर. दुसऱ्या मजल्यावर घड्याळ परत टिटी करायला लागलं. मला वाटलं त्याची चार्जिंग संपली असेल. जे बटण सापडलं ते दाबलं, मेलं एकदाचं गप्प झालं. मी कठड्याला धरून उभी राहिले. कानात कापडाचे लूम चालू असल्यासारखं खडखडत होतं, आणि लूमचा कारखाना तर दोन गल्ल्या पलीकडे आहे. मग वर येऊन पट्टा आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

त्या बटणाने काय झालं होतं ते मला नंतर कळलं. मोजलेलं सगळं अनिमेषकडे गेलं होतं, हरीच्या नावाने.

त्याचा फोन आला तेव्हा हरीने स्पीकरवर ठेवला, कारण तो सायकलची साखळी पुसत होता. "सर, आज काय केलंत तुम्ही?" अनिमेषचा आवाज कडक होता. "बसून एकशे अठरा आहेत. मग दोनदा एकशे शहात्तरपर्यंत गेलेत. आणि वेग काहीच नाही. तुम्ही उद्या उतरत नाही. मी आयोजकांना कळवतोय."

"अरे थांब, थांब." हरी ताडकन उठला. "तो मी नाही. ती सुचेता आहे. तुझा पण पट्टा बिघडलाय."

अनिमेषने विचारलं, "काकू काय करतायत आत्ता?"

"पोळ्या करतेय."

"त्यांना खाली बसवा सर. गॅस बंद करा आणि बसवा. मी येतो."

तो सायकलवरच आला. त्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये धामणकर नाक्यावरून गाडीने निघाला असता तर पोळ्या शिळ्या झाल्या असत्या. आल्या आल्या त्याने पट्टा स्वतःला बांधला. एकसष्ट. हरीला बांधला. हरी चिडलेला होता तरी अडुसष्ट. मग मी आत जाऊन बांधून आले. एकशे सोळा. अनिमेषने माझं मनगट हातात घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोटांनी मोजलं, आणि हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला.

"सर, काटा बरोबर आहे," तो म्हणाला.

हरी माझ्याकडे बघत होता, पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. पंचवीस वर्षं बघतेय. "म्हणजे माझी फाईल नव्हतीच ती," तो म्हणाला. "माझं उद्याचं स्टार्ट आहे ना मग?"

"आहे," अनिमेष म्हणाला. "तुमचं आहे सर. काकूंचं नाहीये."

आणि हरीच्या तोंडावर सुटल्याचं समाधान आलं. क्षणभरच, पण आलं, आणि मी ते पाहिलं. मला ते इतकं लागलं की आजार बाजूलाच राहिला. उठून लाटणं फेकून मारावं असं वाटलं, पण उठायची ताकद नव्हती. मी एवढंच म्हटलं, "केळी आणलीयेत. दही पण आहे. जा तू." हरीने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या केळ्यांकडे, आणि त्याची मान खाली गेली. अनिमेषनेच रिक्षा बोलावली. सोनारानेच कान टोचावे लागतात, नवऱ्याचे सुद्धा.

डॉक्टर बाई होत्या, नाक्याच्या अलीकडे त्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. त्यांनी तारा लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"माझ्याकडे आहेत ना आकडे," हरी घाईने म्हणाला. "दर शनिवारचे आहेत." त्याने मोबाईल काढला, बोटाने खाली खाली सरकवत गेला. बावन्न, त्रेपन्न, बावन्न, सगळे त्याचेच. तो सरकवत राहिला. मग थांबला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पुसले मी," तो म्हणाला. "मला वाटलं पट्टा खराब आहे."

पट्टा आणि मनगट यांत कुणावर विश्वास ठेवावा हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. मग मीच सांगितलं. "गणपतीपासून." आणि पाळीचंही सांगितलं, हरीच्या समोर, कसं, किती रक्त जातं ते सगळं. त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या अंगातून किती घाम जातो, किती मीठ जातं, ते मला ग्रॅमवर पाठ आहे.

रिपोर्ट आला. बारा हवं ते हिमोग्लोबिन माझं सहाच्याही खाली होतं. बाई म्हणाल्या, "हृदय तुमचं चांगलं आहे. पण रक्तात दमच नाही, म्हणून त्याला तेवढ्याच कामाला दुप्पट पळावं लागतंय. तेही बसल्या जागी. अजून काही दिवस असे जिने चढला असतात तर ते बसलंच असतं." त्यांनी मला घरी सोडलंच नाही, दाखल करून घेतलं. कॉटवर आडवं पडल्यावर मला काय वाटलं सांगू? भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, चला, आता कुणी उठवणार नाही. एवढं वाटलं आणि रडू आलं.

रविवारी रक्ताच्या बाटल्या चढल्या. हरी शर्यतीला गेला नाही. दिवसभर स्टुलावर बसून ते थेंब बघत होता. मी एकदा म्हटलं, "जायचं होतंस." तो म्हणाला, "नको बोलूस." गेला असता तर मी जन्मभर ऐकवलं असतं. गेला नाही तेही ऐकवणारच आहे, पण बरी झाल्यावर.

मंगळवारी सोडलं. पाळीवर उपचार सुरू झाले, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि बाईंनी बजावून सांगितलं, पंधरा दिवस जिना चढायचा नाही. इमारतीखाली रिक्षातून उतरले आणि आम्ही तिघं वर बघत उभे राहिलो, मी, हरी आणि अनिमेष. विनिता म्हणाली, "माझ्याकडं रवा ना ताई, खोली रिकामी हाय." पण हरीने तोवर तिच्या अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलली होती. "बस," तो मला म्हणाला.

"वेड लागलंय का? लोक बघतायत."

"बघू दे. बस तू."

मी बसले. हरी मागून, अनिमेष पुढून, खुर्ची उचलली. विनिता माझी पिशवी घेऊन पुढे. "नवरीला पन एवडा मान न्हाय मिलत," ती म्हणाली. मी डोळे मिटून घेतले, मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. पहिला मजला झाला. हरीचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्यावर त्याच्या मनगटावरचं घड्याळ टिटी करायला लागलं.

"सर, ठेवा खाली," अनिमेष म्हणाला.

हरीने ऐकलं नाही. मजला गाठला, मग खुर्ची टेकवली आणि स्वतः पायरीवर बसला. मी पिशव्या घेऊन किल्ली शोधत उभी राहायची तीच ती जागा. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने घड्याळ पाहिलं. मीही वाकून पाहिलं. एकशे एकोणसाठ.

"जिन्यात माझे किती होते?" मी अनिमेषला विचारलं. तेवढं मला पाठ होतं, तरी विचारलं.

"एकशे शहात्तर," तो म्हणाला.

हरी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. घड्याळ वाजतच होतं, जिन्यात दारं उघडायला लागली होती.

"बंद कर ते," मी म्हटलं. "मी पण बटण दाबूनच बंद केलं होतं."

त्याने घड्याळाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. "वाजू दे," तो म्हणाला. मग म्हणाला, "रोज चढायचीस तू हे." तो पायरीवर बसून राहिला, मी खुर्चीत बसून राहिले, आणि टिटी थांबेपर्यंत आम्ही कुणीच उठलो नाही.